पूजेला बसलेली बेस गिटार

अवधूत वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला त्या पहिल्याच दिवशी सोयराबाईंनी त्याच्या पानात जास्तीचं तूप वाढलं, आणि वासुदेवच्या पोटात जे दुखायला लागलं ते दसऱ्यापर्यंत काही थांबलं नाही.

तसं पाहिलं तर तूप ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण वासुदेव सोयराबाईंचा एकुलता एक मुलगा होता, चोवीस वर्षांचा होता, आणि या चोवीस वर्षांत त्याच्या बोलण्याचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. हलसुरातलं हे मराठा घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड मुरलेलं. आणि हा अवधूत थेट पुण्याहून आलेला, कोरमंगलातल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. बोलणं असं, की पुस्तकातून वाचून दाखवतोय. "काकू, आमटी अप्रतिम झालीय हं," असं तो म्हणाला की सोयराबाई विरघळायच्या. वर लेकाला ऐकवायच्या, "बघ रे वासू, असं बोलावं माणसानं." वासुदेवनं जन्मभर तीच आमटी मुकाट्यानं ओरपली होती, त्याचं काही नाही.

आयत्या बिळावर नागोबा, असं वासुदेव मनातल्या मनात म्हणायचा. दर महिन्याच्या एक तारखेला भाडं देणाऱ्या माणसाला ही म्हण लागू पडत नाही. पण जळणारा माणूस म्हणी पारखून थोडाच वापरतो!

वासुदेव एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. दिवसभर पोलादाचे दांडे घासायचे, आणि संध्याकाळी इंदिरानगरला शौर्यच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचं. शौर्य हा निवृत्त कर्नलचा मुलगा. त्याचा चार जणांचा बँड होता, आणि वासुदेव त्यांच्या वायरी गुंडाळून द्यायचा. दोन वर्षं त्यानं कुणाच्या तरी जुन्या गिटारच्या वरच्या चार तारांवर बेसचे ठेके घोटले होते. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, बँडमधला बेस वाजवणारा मुलगा कॅनडाला निघून गेला, आणि शौर्य वासुदेवला म्हणाला, "नवमीला संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या असोसिएशनच्या मैदानावर आपला कार्यक्रम आहे. स्वतःची बेस गिटार आणि ॲम्प आण. जागा तुझी."

जागा तुझी! वासुदेव त्या रात्री झोपला नाही. ओव्हरटाइम करकरून त्यानं आठ हजार साठवले होते. आयुष्यात पहिल्यांदा एक जागा त्याची होणार होती, आणि मध्ये फक्त एक खरेदी होती.

इथंच पहिली चूक झाली. खरेदीला कुणाला न्यावं, तर अवधूतला. पुण्याला कॉलेजात असताना अवधूत बेस वाजवायचा, आणि ही बातमी सोयराबाईंनीच दिली. "त्यांना कळतंय रे त्यातलं. घेऊन जा की," त्या म्हणाल्या. वासुदेवला नाही म्हणता आलं नाही.

ब्रिगेड रोडच्या मागच्या गल्लीत मल्लाप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं वाद्यांचं दुकान होतं. "बन्नी सार, बन्नी," म्हणत त्यानं दोघांना आत घेतलं आणि दोन बेस गिटारी काढून समोर ठेवल्या. एक लालभडक, चकचकीत, परदेशातून आलेली. "सेकंड हँड आहे सार, पण फॉरेन. सहा हजार." दुसरी काळपट, साधी, इथंच देशात बनलेली, तीन हजारांची. कोपऱ्यात धान्याच्या कोठीएवढा एक ॲम्प्लिफायर उभा होता. तो पाच हजारांचा.

"वासू, एक लक्षात ठेव," अवधूत म्हणाला. "बजेट कमी असलं ना, की गिटार साधी घ्यायची आणि पैसे ॲम्पमध्ये घालायचे. बेसचा आवाज खालचा असतो. छोट्या ॲम्पमधून तो बाहेरच पडत नाही, आणि जोर केलास तर स्पीकरचा कागद फाटतो. ही काळी घे आणि तो मोठा ॲम्प घे. बरोबर आठ होतात."

मग तो स्टुलावर बसला. काळी गिटार डोळ्याशी धरून त्यानं तिची मान सरळ आहे का ते पाहिलं. एकेका पडद्यावर बोट ठेवून एकेक सूर वाजवला, डोळे मिटून, सावकाश. वासुदेव इकडे लाल गिटारीसमोर उभा होता. ती गळ्यात घालून मैदानावर उभं राहिलं की पहिल्या रांगेतल्या आईला कसं दिसेल, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तेवढ्यात अवधूत उठून आला आणि लाल गिटारीवरून त्यानं सहज एक बोट फिरवलं. "दिसायला सुंदर आहे," तो म्हणाला.

झालं! चोराच्या मनात चांदणं. वासुदेवला लख्ख कळलं, निदान त्याला तसं वाटलं, की याला लाल हवी आहे. आपल्या गळ्यात ही काळी मारायची आणि पुढच्या पगाराला हा लाल उचलणार. पुणेरी डाव, दुसरं काय!

त्यानंही लाल गिटार उचलून डोळ्याशी धरली. जो माणूस दिवसभर लेथवर दांडे फिरवतो त्याला केसाएवढा बाक दिसतो. लाल गिटारीची मान किंचित पिळलेली होती आणि वासुदेवला ते दिसलं. दिसलं, आणि त्यानं ते गिळलं. कारण त्या घडीला त्याला मानेपेक्षा अवधूतचं बोट जास्त दिसत होतं.

"लालच द्या," तो म्हणाला.

उरलेल्या दोन हजारांत मल्लाप्पानं एक लहानसा ॲम्प काढून दिला. "अरे, हा बेससाठी नाहीये," अवधूत म्हणाला. "साध्या गिटारसाठी आहे हा. वासू, ऐक माझं."

"माझे पैसे आहेत की," वासुदेव म्हणाला. अवधूतनं काळी गिटार जागेवर नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी अवधूत रिक्षातून उतरला तो काळी गिटार आणि तो कोठीएवढा ॲम्प घेऊनच. वासुदेव दारात उभा होता. "तू घेतली नाहीस ना, मग मला राहवेना," अवधूत लाजत म्हणाला. "त्या दिवशी हातात घेतली तेव्हापासून जीव तिच्यातच अडकला होता. बोनस मिळाला, आणि गेलो."

म्हणजे लाल नव्हे, याला काळीच हवी होती. आणि जिच्यात स्वतःचा जीव अडकला तीच वस्तू हा आपल्याला घ्यायला सांगत होता! एखाद्या भल्या माणसाला हे कळून शरम वाटली असती. वासुदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. लबाड निघाला असता तर सोसलं असतं, पण हा चांगला निघाला, आणि त्याला काय करायचं हे वासुदेवला कळेना.

पुढचं सगळं अवधूत म्हणाला होता तसंच झालं. शौर्यच्या गॅरेजमध्ये ड्रमपुढे लहान ॲम्पचा आवाज येईना, म्हणून वासुदेवनं बटण पिळलं. तिसऱ्या गाण्यात खर्रकन आवाज आला आणि स्पीकरचा कागद फाटला. लाल गिटार सुरातही राहत नव्हती. मान पिळलेली, राहणार कशी? पण वासुदेव तारांना शिव्या देत होता. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. इथं अंगण खरोखर वाकडं होतं, पण निवडलं त्यानंच होतं.

"तुझ्या त्या भाडेकरूकडे मोठा ॲम्प आहे म्हणतोस ना? त्याला बोलव," शौर्य म्हणाला.

अवधूत ॲम्प घेऊन आला. आलाच आहेस तर वाजव स्वल्प, असं शौर्यनं म्हटलं म्हणून त्यानं वाजवलं. गाणं संपलं. मग शौर्य म्हणाला, "नवमीला हाच वाजवेल. सॉरी, वासू."

"नाही नाही, जागा वासूची आहे," अवधूत घाईघाईनं म्हणाला. "असं करू. सहा गाणी आहेत ना? तीन मी, तीन तो. ॲम्प दोघांना एकच चालेल."

"सरी, तसं करा," शौर्य म्हणाला आणि खांदे उडवून चहा प्यायला गेला.

आपल्याच जागेतली निम्मी जागा परक्यानं आपल्याला दान करायची! वासुदेवनं मान हलवली, हसलासुद्धा. आत मात्र असा जळत होता की विचारू नका. तीन गाणी नकोत, सहा पाहिजेत. आणि ती मिळवायची युक्ती त्याला घरातच सापडली.

नवमी म्हणजे खंडेनवमी, आयुधपूजा. बंगळुरात त्या दिवशी बस असो नाहीतर बैलगाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. पण या घरची रीत जास्त कडक होती. वासुदेवचे वडील प्रतापराव शिंपीकाम करायचे. घरातली जुनी तलवार, त्यांची कात्री, शिवणयंत्र, वासुदेवची लेथची हत्यारं, सगळं देवघरासमोर पाटावर बसायचं. आणि एकदा पूजेला बसलेलं आयुध दसऱ्याचा सूर्य उगवेपर्यंत कुणी हलवायचं नाही. एका वर्षी एक नवरदेव नवमीच्या संध्याकाळी कोटाचं एक बटण लावून घ्यायला आला होता. सकाळी त्याचा साखरपुडा. प्रतापरावांनी सुईला हात लावला नाही. "पहाटे सहाला या," म्हणाले, आणि तो बिचारा खरंच पहाटे सहाला आला.

त्या नवमीला अवधूत सकाळी दहालाच कंपनीत गेला. तिथं कॉम्प्युटरांची पूजा होती. खोलीची किल्ली सोयराबाईंकडे असायची. वासुदेवनं ती घेतली, वर गेला, काळी गिटार खाली आणली आणि पाटावर ठेवली. ॲम्प मात्र वरच राहू दिला. तो संध्याकाळी लागणार होता.

"अगं बाई, ही अवधूतअण्णांची ना?" सोयराबाईंनी विचारलं. "त्यांना विचारलंस का?"

"त्यानंच सांगितलंय," वासुदेव म्हणाला. "म्हणाला, माझीही बसवा पूजेला."

सोयराबाईंना भरून आलं. त्यांनी गिटारीला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. वासुदेव खुशीत पूजेत फोडायचा कोहळा आणायला बाजारात गेला. अवधूत येईल, हळहळेल, आपणही थोडं हळहळू, आणि लाल गिटार घेऊन मैदानावर जाऊ. त्याच्या ॲम्पवर सहाच्या सहा गाणी! बाजारातून येताना तो चक्क शीळ घालत होता.

कोहळा खांद्यावर घेऊन तो दारात आला, आणि शीळ ओठातच राहिली. पाटावर दोन गिटारी होत्या. काळीच्या शेजारी लाल. तिलाही हळदकुंकू, तिच्यावरही झेंडू.

"आई! ही कुणी ठेवली?"

"मीच की," सोयराबाई म्हणाल्या. "मित्राची आठवणीनं आणलीस आणि स्वतःची विसरलास. वेडं माझं पोर!"

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. रीतीचा फास त्यानंच टाकला होता. आता कुठल्या तोंडानं म्हणणार, की माझी तेवढी काढा? तो भिंतीला टेकून बसला. मग हळूहळू त्याला एक वाईट समाधान वाटू लागलं. आपण नाही तर नाही, पण तोही नाही ना! शौर्य दुसरा कुणी शोधेल. तेही चालेल.

तीन वाजता अवधूत आला. हातात कंपनीनं दिलेली चुरमुरे-फुटाण्यांची पिशवी, कपाळाला कुंकू. पाटावर नजर गेली आणि तो जागीच थांबला.

"तुम्ही सांगून गेलात तशी बसवली हो तुमची गिटार," सोयराबाई कौतुकानं म्हणाल्या. "वासूनं सांगितलं मला."

अवधूतनं वासुदेवकडे पाहिलं. वासुदेव फरशीकडे बघत होता. घरची रीत अवधूतला ठाऊक होती, नवरदेवाच्या बटणाची गोष्ट त्यानं जेवताना दोनदा ऐकली होती. त्यानं चुरमुऱ्यांची पिशवी देवासमोर ठेवली.

"हो काकू," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो. संध्याकाळचं माझ्या लक्षातच राहिलं नाही."

प्रतापराव आरामखुर्चीतून सरळ झाले. "अरेरे, आज तुमचा कार्यक्रम नाही का? धन्याला न विचारता बसवली असती तर ती पूजाच नव्हे, आत्ता उचलून दिली असती. पण धनीच सांगून गेलाय म्हटल्यावर मी काय करू? मी स्वतः सुई उचलत नाही, अवधूतअण्णा."

"बरोबर आहे काका. मी कोपऱ्यावरून शौर्यला फोन करून येतो." आणि अवधूत चप्पल घालू लागला.

"बघ, वासू," सोयराबाईंचे डोळे भरले होते. "एवढं नुकसान झालं, पण तोंडातून वावगा शब्द नाही. काय गुणाचं पोर आहे! कुणाच्या पोटी जन्मलंय कोण जाणे."

पुढं जे झालं ते पश्चात्तापानं झालं असं कुणी म्हणेल तर म्हणो. तसं काही नव्हतं. वासुदेव मूग गिळून बसला असता तर त्याचं खोटं कधीच उघडं पडलं नसतं, आणि अवधूतचा कार्यक्रमही बुडाला असता. त्याला हवं ते सगळं झालं होतं. पण ते 'गुणाचं पोर' त्याला सोसवेना. तूप याचं, बोलणं याचं, जागा याची, आणि आता माझ्या आईसमोर माझं खोटं अंगावर घेऊन मोठेपणाही यानंच घ्यायचा? तेवढा तरी मी याला घेऊ देणार नाही!

"त्यानं नव्हतं सांगितलं!" वासुदेव ओरडला. "खोटं बोलतोय तो. मी खोटं बोललो. मीच आणून ठेवली, त्याला वाजवायला मिळू नये म्हणून!"

प्रतापरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अवधूत एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला.

सोयराबाई उठल्या. त्यांनी कापूर लावला, देवाला हात जोडले, काळी गिटार दोन्ही हातांनी उचलली आणि अवधूतच्या हातात दिली. वासुदेवचा हात आपसूक लाल गिटारीकडे गेला.

"ती राहू दे," सोयराबाई म्हणाल्या. "ती मी बसवलीय. मी खोटं बोलून नाही बसवली."

ॲम्प एकट्या अवधूतला उचलण्यासारखा नव्हता. वासुदेवनं काही न विचारता दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी तो जिन्यावरून खाली आणून रिक्षात घातला. दोघं त्याच्या दोन बाजूंना अंग चोरून बसले. रिक्षा हलसूरच्या तळ्यापाशी आली.

"का रे असं केलंस?" अवधूतनं विचारलं.

"आधी वाटलं तुला लाल हवीय. मग तू काळी आणलीस." वासुदेवला याहून नीट सांगता येईना.

"लाल? अरे, तिची मान पिळलेली आहे, मला गॅरेजमध्ये दिसलं. तुला दुकानात दिसलं नाही?"

"दिसलं."

अवधूतनं त्याच्याकडे वळून पाहिलं, मग बाहेर बघत बसला. त्याला राग आला होता. या माणसाला राग येतो हे वासुदेव पहिल्यांदा पाहत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यानं जरा बरं वाटलं.

मैदानावर खुर्च्या भरल्या होत्या. अवधूतनं तीन गाणी वाजवली. काळ्या लाकडावर सोयराबाईंच्या बोटाचं कुंकू दिव्यात स्पष्ट दिसत होतं, आणि स्टेजच्या पायरीवर वायर धरून बसलेल्या वासुदेवला दुसरं काही दिसत नव्हतं. माझ्या आईचं कुंकू, त्याच्या गिटारीवर.

तिसरं गाणं संपलं. अवधूतनं गळ्यातला पट्टा काढला, पायरीपाशी आला आणि गिटार पुढे केली. चेहरा अजून फुगलेलाच होता. "ठरल्याप्रमाणे तीन तुझी," तो म्हणाला. "लवकर घे, लोक बसलेत."

वासुदेवला नको म्हणायचं होतं. हातांनी ऐकलं नाही. त्यानं पट्टा गळ्यात घातला, मान मुठीत धरली आणि पहिला सूर वाजवला. सूर त्या मोठ्या ॲम्पमधून निघाला आणि तळपायातून वर चढला. मान सरळ होती, सुतासारखी. बोट ठेवावं तिथं सूर उभा. दोन वर्षं तो मनात जे ऐकत आला होता ते हेच होतं, आणि हे मल्लाप्पाच्या दुकानात त्याच्या आठ हजारांत, त्याच्या पुढ्यात, त्याचं व्हायला तयार होतं. तिच्यावर स्वतःचा जीव जडलेल्या माणसानंच ते पुढे केलं होतं. तीन गाणी तो वाजवत राहिला आणि पोटातलं दुखणं काही केल्या जाईना. फक्त आता ते अवधूतमुळे आहे असं म्हणायची सोय उरली नव्हती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शौर्यनं पाठीवर थाप मारली. वासुदेवनं गिटार अवधूतला परत दिली. वासुदेवच्या पांढऱ्या शर्टाला कुंकू लागलं होतं.

"कशी आहे?" अवधूतनं विचारलं. राग थोडा उतरला होता.

"बरी आहे," वासुदेव म्हणाला.

त्या दिवसातलं हे त्याचं दुसरं खोटं. आणि हे मात्र त्यानं कुणाजवळच कबूल केलं नाही.